रानातला मुक्काम : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून पाऊस ओसरू लागला की सह्याद्रीच्या पायथ्याला तंबू ठोकून राहण्याविषयीची पत्रे वाढतात. या अंकासाठी मुख्यतः गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोणच्या रानांशी संबंधित प्रश्न निवडले आहेत. त्यांतले माकडताप आणि सर्पदंश हे दोन प्रश्न जिवाशी संबंधित आहेत. त्यांची उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आमच्या हायस्कूलच्या आठवी-नववीच्या १२ मुलांना डिसेंबरात एक रात्र तंबूत राहण्याचा अनुभव द्यायचा आहे. म्हादई अभयारण्यातल्या एखाद्या धबधब्याजवळ तंबू ठोकता येतील का? परवानगी कोणाची लागते?
— एक शिक्षक, वाळपई

उत्तर : अभयारण्यात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात शिरण्यावरच निर्बंध आहेत आणि कलम २८ खाली अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळतो. दिवसाचा परवाना म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची मुभा नव्हे. अर्ज आपल्या भागातल्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्याच्या कार्यालयात द्या. त्यात तारीख, मुलांची व शिक्षकांची संख्या, जायची वाट, वाहनांचे क्रमांक आणि रात्र कुठे काढणार हे स्पष्ट लिहा. ‘निसर्ग सहल’ एवढेच लिहिलेले अर्ज अडकतात, कारण अधिकाऱ्याला त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पहिल्या खेपेला मुलांना घेऊन जायचे तर आमच्या मते दोन पर्याय बरे. एक, वन खात्याची निवासाची सोय असलेली जागा. बोंडला अभयारण्य अवघे आठ चौरस किलोमीटरचे आहे, पण पायवाटा आखलेल्या आहेत आणि लहान मुलांना झेपतात (गुरुवारी ते बंद असते). खोतीगाव अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी राहण्याची सोय आहे आणि पाणवठ्यावरचे उंच मचाणही. तंबूचा अनुभव मात्र तिथे मिळेलच असे नाही.

दुसरा पर्याय म्हणजे अभयारण्याच्या हद्दीबाहेरचे एखादे खासगी कुळागर (पोफळी-माडांची बाग). मालकाची लेखी संमती घ्या. जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक संस्थेची) असेल किंवा तिच्यावर कूळ-मुंडकार (कसणारा किंवा घर करून राहणारा) असेल तर प्रत्यक्ष कसणाऱ्यालाही विचारा. जमिनीच्या सरकारी नोंदीत नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार सत्तरीत जागोजागी आहे. पंचायत, जवळचे पोलीस ठाणे आणि परिक्षेत्र कार्यालय यांना एकेक प्रत द्यावी. गावाची देवाची राय (देवराई) कुठून कुठपर्यंत आहे हे गावकऱ्यांकडून आधीच समजून घ्या. बांबरची निरंकाराची राय असो की केरीची आजोबाची राय, तिथे तंबू, चूल, शीळ-शिट्टी काहीच नको. काही रायांत चप्पल घालून जात नाहीत, काहींत पानही तोडत नाहीत. नियम गावागणिक वेगळे आहेत आणि ते गावालाच विचारायचे.

आता जागा. कुळागरात सपाट, सावलीची माती पाहून लोक पोफळींखाली तंबू लावतात, आणि तिथेच चुकते. पोफळीची झावळ विरीसकट (रुंद देठासकट) खाली येते तेव्हा तंबूचे कापड सहज फाडते. माडाची झावळ आणि नारळ तर जिवावरच. शिवाय शिंपण्यासाठी पाटाचे पाणी कधी सोडतात हे मालकालाच माहीत असते. रात्री किंवा पहाटे पाट फिरवला की तंबूखाली चिखल. म्हणून मळणीचे खळे किंवा घरामागचे मोकळे अंगण मागून घ्या. ओहोळापासून निदान ६० मीटर दूर आणि काठापेक्षा उंचावर राहा. डिसेंबरात पूर येणार नाही हे खरे, पण पाण्यावर गवे, रानडुकरे उतरतात आणि थंड दमट हवा खोलगट जागी साचून तंबू आतून-बाहेरून ओला होतो.

चार जणांचा म्हणून विकला जाणारा तंबू तीन मुलांचा समजा. १२ मुलांना असे चार तंबू, शिक्षकांचे वेगळे. दोन तंबूंमध्ये दोन मीटर अंतर ठेवा, म्हणजे ताणदोऱ्या एकमेकांत गुंतून रात्री कोणी अडखळणार नाही. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा. पिण्या-रांधण्यासाठी माणशी चार लिटर पाणी धरले तर दोन शिक्षक मिळून १४ जणांना ५६ लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. विहिरीचे पाणीसुद्धा आधी सुती कापडातून गाळून मग खळखळून उकळा. खाण्याचे सामान तंबूत नको, केळी तर मुळीच नको. ते मालकाच्या घरात किंवा गाडीत ठेवावे. माकडे दिवसा येतात आणि साळिंदर, रानडुक्कर रात्री.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या कुशीत त्याच्या तासभर आधीच अंधारून येते. शेवटचा तंबू साडेचारला उभा असेल अशा बेताने निघा.

प्रश्न : आमची काजूबागायत सत्तरीतल्या ठाणे गावच्या भागात आहे. फेब्रुवारीत मुंबईचे भाचे येणार आहेत आणि त्यांना बागायतीत तंबू लावून राहायचे आहे. माकडतापाची भीती वाटते. राहू द्यावे का?
— एक गृहिणी, सत्तरी

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, आणि सरळ सांगायचे तर फेब्रुवारीत नको. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरात किंवा थेट पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत बोलवा.

माकडतापाचा विषाणू गोचिडीतून येतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. सत्तरीत पाली गावातल्या २०१५ च्या साथीपासून तो आपल्याकडे सर्वांना ठाऊक झाला. माणसाला चावते ती मोठी, रक्त पिऊन फुगलेली गोचीड क्वचितच. धोका असतो तो तिच्या पिल्लांचा. तिळाएवढी ही पिल्ले पाऊस गेल्यानंतर वाढतात आणि साधारण जानेवारी ते एप्रिल सगळ्यांत जास्त त्रास देतात. त्यांचा मुक्काम वाळक्या पानांच्या थरात. काजूचा हंगाम नेमका याच महिन्यांत, आणि बोंडे गोळा करणारा माणूस तासन्‌तास त्याच पाचोळ्यात वाकलेला असतो. तंबू लावणारा तर त्या थरावर झोपतो. माकड या रोगाने मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात, म्हणून मेलेले माकड दिसले तर त्याच्याजवळ जायचे नाही, हात लावायचा नाही, पुरायचेही नाही. आरोग्य केंद्राला आणि वन खात्याला कळवा. आजारी माणसापासून दुसऱ्या माणसाला हा ताप होत नाही.

बागायतीत कामाला जावेच लागते, म्हणून काळजी सांगतो. फिक्या रंगाची, पूर्ण बाह्यांची वस्त्रे घाला, पँट मोज्यांत खोचा. फिक्या कापडावर गोचीड दिसते. उघड्या अंगाला आणि कपड्यांच्या कडांना डेपा तेल लावा. हे गोचीड-डास दूर ठेवणारे तेल आहे आणि माकडतापाच्या भागात आरोग्य खात्यामार्फत वाटले जाते. घाम आला की ते उतरते, बाटलीवर दिलेल्या वेळेनुसार पुन्हा लावावे लागते. पाचोळ्यावर बसायचे झाले तर जाड ताडपत्री घाला, आणि ती घरात आणण्यापूर्वी उन्हात झटका. घरी आल्यावर कपडे थेट उकळत्या पाण्यात टाका आणि साबण लावून गरम पाण्याने आंघोळ करा. मग कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरपट्ट्याच्या जागी, जांघेत आणि गुडघ्यामागे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. हे तपासणे लोक टाळतात, आणि गोचीड नेमकी याच जागी सापडते.

चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून, तोंडाशी धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. रॉकेल, फेणी, चुना, उदबत्तीचा चटका यांपैकी काहीही लावले तर ती जखमेतच लाळ सोडते, आणि विषाणू असला तर तो त्या लाळेतूनच येतो. पोटाशी धरून दाबले तरी तेच होते. काढल्यावर जागा साबणाने धुवा.

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप, कपाळाकडे तीव्र डोकेदुखी, कंबर-पोटऱ्या मोडून येणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि ‘काजूत गेलो होतो, गोचीड चावली’ हे स्वतःहून सांगा. मुंबईला परत गेलेल्या पाहुण्याने तर हे आवर्जून सांगितले पाहिजे. तिथला डॉक्टर आधी डेंग्यूचाच विचार करील. या तापावर विषाणू मारणारे खास औषध नाही. पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवूनच रोगी वाचवतात, म्हणून उशीर महाग पडतो. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. काहींना एक-दोन आठवडे बरे वाटून पुन्हा ताप येतो, मान ताठते, भ्रम होतो. ताप उतरला म्हणून लगेच डोळ्याआड करू नये.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी घेतलेला चांगला तंबू या वर्षी उघडला तर आतून चिकट झालेला, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटत आहेत. धुऊन काही होईल का?
— म्हापसा

उत्तर : आतला जलरोधक थर पॉलियुरेथेनचा असतो. ओलावा आणि उष्णता मिळून त्याची रासायनिक वीण तुटते; चिकटपणा आणि वास ही त्याचीच खूण. बुरशीचे काळे ठिपके वेगळे, तो धुण्याने जाणारा त्रास आहे. हा थर मात्र तुटला की परत जुळत नाही.

नुसता चिकट असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, टाल्कम पावडर चोळून एखादा कोरडा हंगाम निघतो. पापुद्रे सुटत असतील तर भिजवून, मऊ ब्रशने निघेल तेवढा थर काढून टाका आणि कापड वाळल्यावर पॉलियुरेथेनचाच नवा लेप द्या. बाजारात सिलिकॉनचाही लेप मिळतो. तो पॉलियुरेथेनवर धरत नाही, आणि सिलिकॉनच्या कापडावर पॉलियुरेथेन धरत नाही. तंबूवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय डबा विकत घेऊ नका. वरचे छत गेले असेल तर एवढी मेहनत करावी. तळाचे कापड गेले असेल तर खाली जाड प्लॅस्टिक घालून चालवता येते.

मूळ चूक बहुधा ठेवण्याची असते. आपल्याकडे तंबू कौलांखालच्या माळ्यावर, त्याच्याच घट्ट पिशवीत कोंबून ठेवतात. तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि जून ते सप्टेंबर दमट. सहलीहून आल्यावर घरात दोरीवर पसरून पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळवा. शिवणी आणि चेनच्या पट्ट्या हाताला कोरड्या लागेपर्यंत घडी घालू नका. कडक उन्हात दिवसेंदिवस टांगणेही वाईट, नायलॉन कुजते. मग जुन्या उशीच्या खोळीत सैल भरून खोलीतल्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या.

प्रश्न : जांभ्याच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) खुंट्या शिरतच नाहीत. ॲल्युमिनियमच्या सगळ्या वाकल्या. काय वापरावे?
— सांगे

उत्तर : कातळावर खुंटीचा हट्ट सोडा. हाताच्या मनगटाएवढी जाड, फूटभर लांब काठी घ्या, ताणदोरी तिच्या मध्यावर बांधा, काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्यावर, तंबूच्या बाजूने, एक-दोन चिरे रचा. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर जांभ्याची खरखरीत कड वाऱ्याच्या हेलकाव्यांनी ती रात्रीत कापते. काठी मध्ये असली की दोरी दगडाला लागत नाही. जिथे थोडी माती आहे तिथे २० सेंटीमीटरचे पोलादी खिळे चालतात, सुताराची हातोडी सोबत ठेवा. सड्यावर दगड उचलताना आधी काठीने उलटा. खाली फुरसे आणि विंचू दोन्ही असतात.

तळाखाली घालायचे प्लॅस्टिक तंबूच्या कडेपेक्षा सर्व बाजूंनी पाच सेंटीमीटर आत राहील असे दुमडा. बाहेर राहिले की छतावरचे पाणी किंवा दव त्यावर जमून तंबूखाली सरकते.

प्रश्न : जुलैत मैनापी किंवा सावरी धबधब्याजवळ रात्र काढायची आहे. आम्ही सगळे पट्टीचे पोहणारे आहोत.
— मडगाव

उत्तर : नको. हे दोन्ही धबधबे नेत्रावळी अभयारण्यात आहेत, म्हणजे परवानगीचा प्रश्न पहिला. जुलै २०२३ मध्ये मैनापीला दोघे बुडाले आणि त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली होती. आताचे नियम परिक्षेत्र कार्यालयात विचारा. पावसाळ्यात ते दर वर्षी, कधी दर आठवड्यालाही बदलतात.

पोहता येण्याचा इथे फारसा उपयोग होत नाही. वरून पडणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात की अंग तरंगत नाही, आणि कोसळीच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरून माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. खडकातल्या खड्ड्यांत, कपारींत पाय अडकला तर प्रवाह अंगावरून जातो.

लोंढ्याची गोष्ट त्याहून गंभीर. पाऊस घाटमाथ्यावर पडतो, तुमच्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असते, आणि काही वेळाने पाणी खाली पोचते. पाणी अचानक गढूळ होणे, पाने-काटक्या वाहत येणे, दगडावरची ओली रेषा वर सरकणे, वरून घुमल्यासारखा आवाज: यांतले एक जरी दिसले तरी सामान सोडून काठाने उंचावर चढा. ओहोळाच्या पलीकडे असाल तर पलीकडेच थांबा. गुडघ्याच्या वर आलेले वेगवान पाणी ओलांडू नये. परतीच्या वाटेवर किती ओहोळ आहेत हे जातानाच मोजायचे असते. पालीच्या धबधब्याच्या वाटेवर ते वारंवार ओलांडावे लागतात, आणि माणसे अडकतात ती परतताना.

जुलैतले रान पाहायचेच असेल तर गावात घरगुती मुक्काम करा आणि दिवसा वाटाड्या घेऊन फिरा. अंगावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचे (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचे) दिवस असतात. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी पुरते.

प्रश्न : कुळेहून रेल्वेरुळांवरून चालत दूधसागरला गेलो तर? मित्र नेहमी जातात.
— वास्को

उत्तर : रुळांवरून चालणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोगद्यांत बाजूला व्हायला जागा अपुरी असते आणि पावसाच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. पाऊस संपून रस्ता खुला झाला की कुळेहून परवानाधारक जीपने जा.

प्रश्न : मार्चमध्ये फोंड्याजवळच्या रानात एक दिवस घालवायचा आहे. तीन दगडांची चूल पेटवली तर चालेल का? की गॅस न्यावा? किती लागतो?
— फोंडा

उत्तर : फेब्रुवारी ते मे रानात उघडा विस्तव नको, दगडांच्या चुलीतलाही. अभयारण्यात आग लावणे हा कलम ३० खाली गुन्हा आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात लागलेल्या वणव्यांवर नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतावे लागले होते. पाचोळ्याखालची मुळे धुमसत राहतात आणि वरून विझलेली वाटणारी चूल दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पेट घेते. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे तर गोव्यात वेगळेच दंडनीय आहे. एका दिवसासाठी घरून पोळ्या-भाजी आणि थर्मासात चहा नेणे सर्वांत उत्तम.

परवानगीच्या जागी गॅस वापरायचा असेल तर २३० ग्रॅमच्या डबीत, झाकण ठेवून आणि वारा अडवून, साधारण १२ ते १५ लिटर पाणी उकळते. चौघांच्या दोन वेळच्या भात-डाळीला आणि चहाला एक पुरते. जमीन दोन मीटरपर्यंत झाडून घ्या, पाण्याची बादली जवळ ठेवा. वारा अडवणारा पत्रा डबीभोवती पूर्ण गुंडाळू नका. उष्णता कोंडून डबी तापते आणि फुटू शकते. तंबूत शेगडी पेटवायची नाही, पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : तंबूच्या मुक्कामात साप चावला तर प्रथमोपचार काय?
— काणकोण

उत्तर : १०८ ला फोन करा आणि माणसाला चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, बूट काढा, कारण सूज चढते. चावलेला हात-पाय फळकुटाला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. आवळून पट्टी, ब्लेडने काप, तोंडाने ओढणे, बर्फ, गावठी वखद यांत वेळ आणि अवयव दोन्ही जातात. चावल्याची वेळ लिहून ठेवा. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. दुरून मिळाले तर छायाचित्र घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यावर प्रतिविष चालते. आपल्या दाट रानात आढळणाऱ्या नाकाड्या चापड्यावर ते काम करत नाही, त्यामुळे डॉक्टरला वर्णन सांगणे महत्त्वाचे. मण्यारीचा दंश झोपेत होतो आणि दुखत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर खूण दिसो न दिसो, रुग्णालय गाठा. फोन लागत नसेल अशा जागी मुक्काम करताना, रेंज कुठे येते आणि गाडी कुठपर्यंत येते हे उजेडीच पाहून ठेवा. तंबूची चेन नेहमी पूर्ण लावा, आणि बूट आत घ्या.

प्रश्न : खाजकुयली लागली की काय करावे?
— डिचोली

उत्तर : चोळू नका, पाणीही लगेच ओतू नका, कुसे पसरतात. रुंद चिकटपट्टी त्वचेवर दाबून ओढा, तुकडा बदलत तीन-चार वेळा. चिकटपट्टी नसेल तर मळलेल्या कणकेचा गोळा फिरवा. मग साबणाने धुवा. कपडे वेगळे धुवायचे. डोळ्यांत गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. शेंगा हिवाळ्यात पिकून सुकतात आणि त्यांवरचे तपकिरी कुसे वाऱ्याने उडतात, म्हणून वेल दिसली तर वारा तिच्यावरून ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला तंबू लावू नका.